रेडिओचे लाड

मी डोलखुर्ची बोलतेय. महोगनीची, वेताच्या बैठकीची, मोका गावातल्या फिदेन्सिओ आणि उबाल्दिना यांच्या घरची. आधीच सांगते, मी हेवेखोर आहे, आणि माझा सगळा हेवा एका रेडिओवर आहे.

उबाल्दिनाच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नासाठी घडवून घेतलं. तिचा एकुलता एक अन्सेल्मो माझ्यावरच दूध प्यायला, माझ्यावरच झोपला. संध्याकाळी सगळी गल्ली खुर्च्या ओट्यावर काढायची. गप्पांना नुसता ऊत यायचा!

मग माणसं नाहीशी होऊ लागली. शिंप्याला नेलं, का, ते त्याच्या बायकोनेसुद्धा विचारलं नाही. लोक मोठ्याने बोलत ते फक्त देश मुठीत धरून बसलेल्या मोठ्या साहेबांच्या कौतुकाचं. एकेक खुर्ची घरात गेली. अन्सेल्मो कॉलेजात साहेबांविरुद्ध बोलला आणि बोटीत लपून समुद्रापार पळाला.

तेव्हा हा रेडिओ घरात आला. परदेशातल्या एका बंदी घातलेल्या केंद्रावरून एक तरुण साहेबांविरुद्ध बोलायचा. नाव वेगळं, पण आवाज अन्सेल्मोचा. फिदेन्सिओ रोज दिवेलागणीला मागच्या खोलीत शिरायचा आणि अंगावर गोधडी घेऊन रेडिओला कान लावायचा. काय ते लाड! त्याला मऊ फडकं, वर जाळीचा रुमाल. माझी धूळही कुणी झटकत नव्हतं.

मला एकटीला पुढे ओट्यावर ठेवलं होतं. उबाल्दिनाने माझ्यावर जोरजोरात डोलायचं, मी कुरकुरायचं, म्हणजे आतला आवाज रस्त्यावर पोचत नसे. म्हणजे माझा गळा त्या मेल्याच्या रखवालीसाठी!

"तुम्ही रोज ऐकता," उबाल्दिना एकदा तणतणली. "माझ्या पोटचं पोर, आणि माझ्या वाट्याला ही कुरकुर!"

"अगं, शेजारचा क्रिस्पुलो टपून बसलेला असतो. रोज तू दिसतेस. एकदम मी दिसलो तर विचारायला येईल."

"येऊ दे. सांगा, बायकोने घराबाहेर काढलं. लगेच पटेल त्याला."

फिदेन्सिओ हसला. "बरं बाई, रविवारी तू आत जा. मी बसतो बाहेर."

शनिवारी दिवेलागणीला, फिदेन्सिओ आत गेल्यावर, क्रिस्पुलो तेलाची बुधली घेऊनच आला. साहेबांच्या माणसांना तो गल्लीची खबर पुरवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "वहिनी, तुमच्या खुर्चीने डोकं उठवलंय. तेल घालून देतो."

"कशाला उगाच त्रास?"

"शेजारी कशाला असतात मग?"

त्याला नको म्हणायची सोय नव्हती. त्याने सांध्यासांध्यात तेल सोडलं. इतक्या वर्षांत कुणीतरी माझी विचारपूस केली म्हणून मी सुखावलेही. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "आता डोला बघू."

ती डोलली. मी गप्प. भिंतीपलीकडून एक बारीक आवाज आला.

उबाल्दिनाची बोटं माझ्या हातांवर आवळली. किती दिवसांनी आला होता तो आवाज तिच्या कानी! भिंतीकडे ती इतकी झुकली की मी कलंडतेय असं वाटलं. क्रिस्पुलोने मान वळवली.

तिने खिशातून जपमाळ काढली. "पहाटेच्या ताऱ्या!" ती ओरडलीच.

पहाटेचा तारा म्हणजे मारियामाता; तिचं नाव निघाल्यावर गप्प राहण्याची त्याची काय बिशाद? टोपी काढून त्याने जपाचं ठरलेलं उत्तर दिलं, "आमच्यासाठी विनंती कर."

"आजाऱ्यांच्या आरोग्या!"

"आमच्यासाठी विनंती कर!"

तिने थांबायचं नाव घेतलं नाही. तिचा आवाज चढला, तसा त्याचाही चढवावा लागला. दोघांनी मिळून अन्सेल्मोचा आवाज बुडवला. शेवटी घसा धरून क्रिस्पुलो घरी गेला.

फिदेन्सिओ घामाघूम होऊन बाहेर आला. ती म्हणाली, "काही सांगू नका. उद्या मीच ऐकणार आहे."

रविवारी ती इस्त्रीचा झगा घालून रेडिओसमोर बसली. नुसती खरखर. सोमवारी तेच. पुढेही तेच.

महिना लोटल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, "त्या शनिवारी काय म्हणाला हो तो?"

फिदेन्सिओने मान खाली घातली. "तुमच्या जपात मलाही काही कळलं नाही गं."

साहेब गेले, ही दोघंही गेली. अन्सेल्मो परतला नाही. शेवटची वर्षं उबाल्दिना स्वयंपाकघरातलं स्टूल मागच्या खोलीत नेऊन त्यावर, त्या खरखरीसमोर बसून असायची; माझ्यावर नाही.

आता मी तिच्या भाचीकडे आहे, आणि रेडिओ समोरच्याच फळीवर. बायांनो, मला ओट्यावर न्या, माझ्यावर बसून साहेबांना, सरकारला, कुणालाही खुशाल नावं ठेवा. पण आधी त्याला माझ्यासमोरून हलवा. अन्सेल्मोचं शेवटचं बोलणं त्या एकट्याने ऐकलंय, आणि मेला सांगत नाही.