रविराजची भरपाई

“वयनी, पैसं काढ. बैलवाला सांजच्याला येतोय.”

गणराज पायताणासकट चुलीपर्यंत आला, तवाच इंद्रायणीनं ओळखलं, दिराचं डोकं फिरलंय. चाकणच्या रस्त्यावर तिचा नवरा रविराज कंटेनरखाली सापडला. कोर्टात तडजोड होऊन परवा कुठं भरपाई बँकेत आली, आन् ह्या बहाद्दरानं तिला न विचारता शर्यतीच्या बैलाला बयाणा देऊन टाकला! निघोजे गावात मिशीला पीळ देत चारचौघांत सांगूनबी आला.

“पैसं बँकेत गुतवलं, भावजी. म्हयन्याचं व्याज यील, त्यात लाइटबिल, किराणा आन् माझ्या पोरीच्या, तेजूच्या नर्सिंगची फी. मुद्दलाला हात लावायचा न्हाई.”

“मुद्दल माझ्या भावाचं हाय!”

“भाऊ दवाखान्यात तडफडत हुता, बिलापायी मी दारोदार फिरले, तवा कुठं हुता तुमी? शर्यतीच्या घाटात, बैलगाडं पळवत!”

हे त्याच्या वर्मी लागलं. त्यानं तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. कपाळ फुटून डोळ्यात रगत उतरलं.

“चेकवर सही कर, न्हाईतर जीव घेतो!” म्हणत त्यानं तिचा गळा आवळला.

नवरा गेला, आता पोरीचं शिक्षणबी जाणार? असली चीड आली बाईला! तिनं त्याच्या मनगटाचा लचकाच तोडला. तो बोंबलत मागं सरला, तशी पाट्यावरचा वरवंटा उचलून तिनं त्याच्या टाळक्यात घातला. मग खांद्यावर. हाड कडकन मोडलं.

“आजून पायजे मुद्दल?”

“न्हाई वयनी, न्हाई!”

तिसरा घाव घालून संपवलाच असता मुडद्याला. पण मग पुन्हा कोर्ट, पुन्हा वकील, पुन्हा खर्च. तिनं वरवंटा खाली ठेवला. कपाळाला फडकं बांधून तिनंच त्याला रिक्षात कोंबलं आणि दवाखान्यात नेलं.

“एवढं कशानं लागलं?” डॉक्टरांनी विचारलं.

बाकावर निम्मं गाव बसलेलं. घाटातला गडी, बाईचा मार खाल्ला म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार?

“बैलानं मारलं,” गणराज पुटपुटला.

“व्हय डाक्टर, लई मारका निघाला,” टाके घालून घेता घेता इंद्रायणी म्हणाली. “दोघांचंबी बिल ह्यांच्याकडनंच घ्या. बैलाची हौस ह्यांची, माझी न्हवं.”