चेत्ताचे उरलेले शनिवार

"इंग्रजीत लिहायचं तर लिही, पण छापायच्या आधी तोनिनाला आपल्या भाषेत वाचून दाखव." आईनं दोरियानाला बजावलं होतं. पुढे आई गेली, पुस्तक छापून आलं, आणि वाचून दाखवायचं तेवढं राहून गेलं.

राहून गेलं कसलं, दोरियानानंच टाळलं. कादंबरीतली चेत्ता म्हणजे सरळसरळ तोनिनामावशी होती. माल्टावर गोऱ्यांचं राज्य असताना आरमारी साहेबांचे कपडे धुणारी, आणि अचकटविचकट बोलणाऱ्या सार्जंटवर साबणाच्या पाण्याची बादली ओतणारी.

माल्टाशेजारचं त्यांचं गोझो बेट ते केवढं. रविवारी गावच्या बँड क्लबात प्रकाशन, पहिली प्रत मावशीच्या हातून उघडायची. बुधवारी पाववाल्या विक्तोरनं पाव देता देता तिला कादंबरीचा शेवट सांगून टाकला. त्याच्या लेकीनं पुस्तक आधीच मिळवून वाचलं होतं. दुपारी मावशीचा निरोप आला, मी येणार नाही.

मावशीच रुसली, तर त्या पुस्तकाचं करायचं काय? दोरियाना ताजी अंजिरं घेऊन गेली. मावशी दारात खुर्ची टाकून लेस विणत होती. मान वर करेना. दोरियानानं बादलीबद्दल माफी मागितली.

"बादलीची तक्रार नाही," मावशी म्हणाली. "उलट दोन लिहायच्या होत्यास. दोन ओतल्या होत्या मी."

तक्रार होती नवसाची. बोटीवर गेलेला नवरा सुखरूप आला तर सात शनिवार ता पिनूच्या चर्चमधल्या माउलीला अनवाणी येईन, असं चेत्ता बोललेली. नवरा येतो. ती दोन शनिवार जाते आणि तिसऱ्या शनिवारी घराच्या उंबऱ्यावरच बसून राहते. लंडनच्या संपादकबाईंना हा शेवट फार भावला होता. खरं तर दोरियानालाही. इंग्रजीत लिहिताना त्यात कसं मोकळं मोकळं वाटलं होतं.

मावशी मात्र आपल्या नवसाचे सातही शनिवार चालली होती. टाचांतून रक्त आलं, तरी चालली होती. दोरियाना चाचरत म्हणाली की ती नुसती गोष्ट आहे, चेत्ता काही खरी नाही.

"ते विक्तोरला सांग. आज त्यानं मला चेत्ता म्हणूनच हाक मारली."

दोरियानाला हसू फुटलं. मावशीचेही ओठ हलले, पण तिनं मान आणखी खाली घातली. मग हळूच विचारलं, शेवट बदलता येईल का. प्रती तर छापून झाल्या होत्या.

"म्हणजे दोन झाले, पाच राहिले," मावशी म्हणाली. "तिला अर्ध्या वाटेत बसवलंस तू. आता तिचं कोण पुरं करणार?"

कोपऱ्यावरच्या बेकरीतही गाडीनं जाणाऱ्या दोरियानानं आपल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी करेन."

मावशीनं पहिल्यांदा मान वर केली. "चपला न घालता?"

"न घालता."

"पाचही?"

"पाचही."

मावशीनं एक अंजीर उचललं. "बरं. मग रविवारी काळी शाल घेऊ की करडी?"

शनिवारी उजाडताना दोरियानानं चपला पलंगाखाली सारल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि रस्त्याच्या गार दगडांवर पाऊल ठेवलं.