न निघणारी भिंत

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निरोप आला, तेव्हा नोरीनचे बोट झडपेच्या चाकावर होते. चाक लाकडाचे. वरचा लाल रंग तिनेच कडेकडेने खरवडायला लावला होता, रोज त्याच ठिकाणी हात पडून झिजावा तसा, आणि आता बोट त्या झिजेवरून फिरत असताना तिला एवढेच जाणवत होते, की चाक गार आहे. निरोप लॉस एंजेलिसहून होता, मालिकेची मुख्य लेखिका टॅमसिन हिचा. दुसऱ्या पर्वात अंतराळयानाची इंजिनखोली नको, असे वाहिनीचे म्हणणे आहे. सेटची रचना तुझी, म्हणून तुझे मत हवे. आज चारपर्यंत कळव. तू हो म्हणालीस तर सोमवारी पाडकाम.

बर्नबीतल्या चित्रीकरणाच्या तीन नंबरच्या स्टेजवर त्या वेळी ती एकटीच होती. तिने निरोप दोनदा वाचला. काही वाटले नाही. मार्चमध्ये वडील गेल्याचा फोन आला तेव्हाही ती इथेच, याच लोखंडी जिन्यावर उभी होती आणि नवव्या भागासाठी नळांचा करडा रंग ठरवत होती. फोन ठेवून तिने रंग ठरवला... दोन नमुन्यांतला जास्त मळका. त्याला चार महिने झाले. आज नाही तर उद्या वाईट वाटेल, अशी ती काही दिवस वाट पाहत होती. मग वाट पाहणेही सुटले.

प्रश्न सोपा होता. यानाला नियंत्रणकक्ष लागतोच, कारण तिथे माणसे उभी राहतात, पडद्याकडे बघतात आणि बोलतात, आणि बोलणे लेखकांना लिहिता येते. इंजिनखोलीत हाताने काहीतरी करावे लागते, आणि हाताने नेमके काय करतात ते लेखकांना माहीत नसते. म्हणून बिघाड झाला की वरचा कोणीतरी बटण दाबतो, खालून आवाज येतो — दहा मिनिटं द्या — आणि प्रेक्षक मानून घेतो, की खाली कोणी आहे. एका आवाजात अख्ख्या खोलीचा खर्च वाचतो. ज्या यानाला बंद पडायची भीती असते त्यालाच इंजिनखोली लागते. बाकीची याने नुसती जातात. पहिल्या पर्वाचे तेरा भाग, इंजिनखोलीतले प्रसंग अकरा, एकूण एकोणीस मिनिटे. एवढ्यासाठी अर्धे स्टेज अडवून ठेवा, असे कोणाला सांगायचे? पण ‘हो’ लिहिले की एल्डन बॅप्टिस्ट जाणार होता. बासष्ट वर्षांचा एल्डन मालिकेत यानाच्या मुख्य यंत्रज्ञाची भूमिका करी. खोली गेली की त्याचा आवाज तेवढा उरेल, आणि आवाजाला कोणी वर्षभराचा करार देत नाही.

साडेआठला जगतार आला. सेट उभारणाऱ्या सुतारांचा मुकादम, शेजारच्या सरे शहरातून रोज स्वतःचा चहा घेऊन येणारा. तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचून परत दिला.

“बॉस, खरं सांगू? चिडू नकोस.”

“सांग.”

“इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नाही. पण या खोलीत माणूस मावतो, कॅमेरा मावत नाही. बाकी कुठल्याही सेटची भिंत चार बोल्ट काढले की बाजूला होते. ही मात्र तू नळांना आणि छताला जखडून टाकायला लावलीस. मी तेव्हाच विचारलं होतं.”

“काय विचारलं होतंस?”

“म्हटलं, बॉस, खरं इंजिन बसवणार आहेस का? सगळी पोरं हसली. तू नाही हसलीस.”

तिला तो प्रसंग आठवत नव्हता. भिंत आठवत होती. आराखडा काढताना हात थांबला नव्हता. वडील जिची यंत्रे सांभाळत त्या बोटीच्या पोटातली इंजिनखोली तिने नवव्या वर्षी एकदाच पाहिली होती, आणि ती जशीच्या तशी उतरवायची, तर भिंत निघून कशी चालेल? निघणारी भिंत म्हणजे खोटी भिंत. तीस वर्षे मी निघणाऱ्याच भिंती बांधल्या आणि त्या एका वेळी नाही बांधली... चूक म्हणायची तर ही. नवशिक्यानेही केली नसती.

अकराला टॅमसिनशी बोलणे झाले.

“आम्ही आधी भरपूर लिहिलं होतं गं,” टॅमसिन म्हणाली. “तिसऱ्या भागात तिथली सहा पानं होती. दिग्दर्शकानं अर्धा दिवस घालवला आणि दोन पानं उरकली. चौथ्या भागाचा दिग्दर्शक आला, त्यानं विचारलं, हेच बोलणं यानाच्या बोळात झालं तर चालेल का? चाललं. मग आम्हीच तिथं काही लिहायचं टाळायला लागलो.”

“मला कोणी बोललं नाही.”

“तुझे वडील तेव्हा अंथरुणाला होते ना. म्हटलं, कशाला तुला त्रास.”

नोरीनने बरं म्हणून फोन ठेवला. म्हणजे क्रम असा होता: भिंत निघत नाही, म्हणून कॅमेरा जात नाही, म्हणून पाने कमी, म्हणून खोली नको. सगळीकडे दया होती आणि दोष एकाच ठिकाणी. तिने तो आपल्याकडे ओढून पाहिला, तर तोही गारच.

एकच्या सुमाराला एल्डन आला. हातात कागदात गुंडाळलेले डबल्स, चणे भरलेल्या मऊ तळलेल्या पोळ्या, मसाल्याने कागद पिवळा झालेला. एक तिच्यापुढे धरून तो जिन्याच्या पायरीवर बसला.

“खा. चटणी कमी घातलीय, तुम्हां लोकांना सोसत नाही.” मग म्हणाला, “म्हणजे खरंय तर.”

“कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं? कपडेपटात सगळ्यांची नवी मापं घेतली. माझ्याशी बाई हवापाण्याच्या गप्पा मारत बसली. टेप गळ्यात, हात पाठीमागे.”

तिने डबल्सचा कागद उलगडला.

“नोरीन, एक विचारू? माझं काम कमी पडतंय का? सहा महिने बघतोय, पानं कमी कमी होत चाललीत. दोनदा मी ओळी विसरलो. म्हटलं, म्हातारा झालो, त्यांच्या लक्षात आलं. बायकोला घेऊन रोज ओळी घोकत बसतो. ती वैतागलीय बिचारी. म्हणते, आता मीच दुरुस्त करते तुझं यान.”

हे न सांगताही चालले असते. तो घरी गेला असता, आणि चारला एक शब्द पाठवला की काम संपत होते. तिने स्वतःचाच आवाज ऐकला, सपाट, यादी वाचावी तसा. “तुझं काही चुकलेलं नाही. ही भिंत चुकलीय. कॅमेऱ्यासाठी काढता यायला हवी होती. मी काढता येईल अशी केली नाही.”

एल्डनने घास पुरा चावला. भिंतीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“का गं?”

“जागा खरी वाटावी म्हणून.”

“वाटते की. माझे गुडघे साक्षीला आहेत.” तो हसला, आणि मध्येच थांबला. “सहा महिने मी स्वतःला शिव्या घालतोय, बाई. आधी सांगितलं असतंस तर तुला घातल्या असत्या. जरा बरं झोपलो असतो.”

“आता घाल.”

“आता भूक लागलीय.”

दोन वाजता तिने जगतारला डावी भिंत कापायला सांगितली. त्याने तिला पुन्हा म्हणायला लावले.

“नळ सगळे तिच्यावरच आहेत. परत बसवली तरी सांधा दिसणार.”

“दिसू दे.”

“आणि ते नाहीच म्हणाले तर?”

“तर नाही म्हणतील.”

तीन बावन्नला तिने उत्तर पाठवले. ‘हो’ही नाही, ‘नको’ही नाही. भिंत काढते आहे, कॅमेरा आत जाईल, तुमची ती सहा पाने पुन्हा लिहून बघा आणि मग ठरवा. पलीकडे करवत सुरू होती. एल्डन गेला नव्हता. सुतारांनी हाकलेपर्यंत तो जिन्यावर बसून राहिला, आणि नंतर बाहेर खुर्ची टाकून.

साडेपाचला भिंत निघाली. चौघांनी ती तिरकी करून बाहेर नेली, आणि नोरीनला ती खोली बाजूने दिसली... जशी कोणीच कधी पाहिली नव्हती. आतून लाल, करडी, तेलकट. कडेला प्लायवूडचे पिवळे थर. एवढीच होती. बोटीवर ती खाली गेली होती फार तर दहा मिनिटे, वडिलांच्या एका सोबत्याचे बोट धरून. वडील पुढे तबकड्यांपाशी, पाठमोरे. आवाज इतका, की रडली असती तरी तिचे तिला ऐकू आले नसते. तिचा कोपर तापलेल्या नळाकडे गेला, आणि मध्ये एक हात आला, उलटा, नखांत काळे. कोपर त्या हाताला लागला आणि हात नळाला. अठ्ठेचाळीस वर्षे तो वडिलांचा हात होता. पण वडील तर पुढे होते, पाठमोरे, आणि हात आला होता मागून — मग वडील मागे आले होते का? की तो सोबत्याचा होता, ज्याचे नावही तिला माहीत नव्हते? भिंत होती तोवर हा प्रश्न पडला नव्हता. वडिलांना विचारता आले असते. मार्चपर्यंत विचारता आले असते... हे वाक्य मनात पुरे झाले आणि तिला जवळचा कठडा धरावा लागला. दुखत नव्हते. बधिर झालेल्या पायात रक्त परतताना मुंग्या येतात, तसे काहीतरी छातीत, आणि ते वाढत होते, आणि पुढे काय होते ते तिला माहीत नव्हते.

“बॉस, बसतेस का?” जगतारने विचारले.

ती उभीच राहिली. सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत लॉस एंजेलिसहून उत्तर आले नव्हते.