बुरुजामागचे दोन तलाव

डेंटरचा हात सुटला की कुणी मध्ये पडायचं नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं. गाडीचा चेपलेला पत्रा असो नाहीतर माणूस, तो एकाच हाताने सरळ करायचा. एका गिऱ्हाइकाने एकदा दुरुस्त केलेल्या बोनेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, अजून लाट दिसतेय. डेंटरने त्याची मान धरली, नाक त्याच बोनेटवर आपटलं आणि शांतपणे विचारलं, आता दिसते का? रंगाऱ्याने ते बोनेट शिव्या घालत पुन्हा रंगवलं. रक्तावर रंग धरत नाही म्हणे.

पण ही गोष्ट गेल्या वर्षातली. त्याआधी डेंटर इतका वाईट नव्हता. चिडका होता, पण हसायचा पण.

त्याच्या गॅरेजमध्ये मागच्या भिंतीला एक सीट टाकलेली होती. कुठल्यातरी चेंदामेंदा झालेल्या गाडीतून उपसून काढलेली, स्पंज बाहेर आलेली. त्या सीटवर असंतसं कुणी बसायचं नाही. डेंटर, त्याचा धाकटा भाऊ, रंगारी, वायरमन आणि टेंपो चालवणारा कॉमेंट्री अशी ही पाच जणांची टोळी. सुट्टी मिळाली की बाइक काढायचे आणि कुणीच न पाहिलेल्या ठिकाणी जायचे. किल्ला, धबधबा, पडका राजवाडा, काही चालायचं. परत आले की गॅरेजमध्ये बैठक. ज्याने पाहिलं तो सीटवर बसून सांगणार. ज्याचं बघायचं राहिलं, म्हणजे कुणी दमून खाली बसला, कुणाचं पोट बिघडलं, त्याने चहा ओतायचा आणि त्या जागेबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही. नियम म्हणजे नियम. एकदा वायरमनला तीन बैठका सलग चहा ओतावा लागला, तेव्हापासून तो चढ दिसला की आधी वर पळत सुटायचा.

आणि यांना आवडायचं काय? फुलं-पाखरं नाही. कुणाला कुठल्या कड्यावरून लोटलं, कुणाचं मुंडकं कुठल्या दारावर टांगलं, हौदातलं पाणी किती दिवस लाल होतं. ते सांगावं तर कॉमेंट्रीने. त्याचं नावच त्यावरून पडलं होतं. तो लढाई सांगायला लागला की रंगारी नकळत स्वतःची मान चाचपायचा. शिवाय टेंपो घेऊन तो देशभर फिरलेला. आरशांचा महाल, उलटा वाहणारा धबधबा, समुद्रात बुडालेलं देऊळ, काय काय बघून आलेला. एकटाच जायचा, एकटाच बघायचा, आणि सीटवर सगळ्यांत जास्त तोच बसायचा.

डेंटरच्या धाकट्याला सगळे शेंडेफळ म्हणायचे. आईचा जीव की प्राण. गेल्या वर्षी किल्ल्यावर निघायच्या सकाळी त्याने एका गाडीचा दरवाजा अर्धवट घासून तसाच टाकला आणि हेल्मेट घातलं. डेंटरने हेल्मेट ओढून काढलं आणि सगळ्यांदेखत त्याच्या कानफटात मारली. "काम कुणाचा बाप करणार?" शेंडेफळाच्या गालावर बोटं उठली. त्याने चहा तसाच ठेवला आणि बाइकला किक मारली. डेंटर दरवाजा घासत मागे राहिला.

संध्याकाळी शेंडेफळाला झोळीत घालून आणलं. बुरुजावरून खाली दगडांवर पडला होता. रंगारी आणि वायरमन तेव्हा महादरवाजापाशी तोफेवर बसून फोटो काढत होते. कॉमेंट्रीने पोलिसांना सांगितलं, माझा गुडघा दुखत होता, मी हौदापाशी झाडाखाली पडलो होतो, बुरुजावर पायसुद्धा ठेवला नाही. शेंडेफळ एकटाच वर गेला. थोडा गप्प गप्पच होता.

हे 'गप्प गप्पच' आईच्या काळजात रुतून बसलं. झोळी घरात आली तेव्हा ती थोरल्याकडे बघून एवढंच म्हणाली, "त्याने उडी टाकली. तू इथूनच ढकललंस त्याला." त्यानंतर वर्षभर ती डेंटरशी एक शब्द बोलली नाही. घर गॅरेजच्या मागेच, मध्ये एक दार. रोज दुपारी ताट आपटल्याचा आवाज यायचा. म्हणजे जेवण वाढलंय. डेंटर जाऊन पाठमोऱ्या आईसमोर जेवायचा आणि परत येऊन पत्रा बडवायचा, जो सरळ होता तो पण. त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. पोरगं पडलं की त्याने उडी मारली, हे कुणीतरी सांगावं.

वर्षभर बैठक झाली नाही. सीटवर डेंटर हातोड्या ठेवायला लागला.

मग एका सुट्टीच्या दुपारी वायरमन आला. बायकोच्या माहेरची माणसं घेऊन तो त्याच किल्ल्यावर जाऊन आला होता, आणि या वेळी बुरुजावर चढला होता. हे त्याने चाचरत सांगितलं. त्याला वाटलं, आता हातोडा येतो. डेंटरने सीटवरच्या हातोड्या खाली काढल्या आणि म्हणाला, "बस. सगळ्यांना बोलवतो. शेंड्याने शेवटचं काय बघितलं ते ऐकू दे मला."

रंगारी आला. कॉमेंट्री टाळत होता, टेंपोचं काम काढलंय म्हणत होता. डेंटरने त्याला टेंपोतून कॉलर धरून उतरवलं. चेष्टेतच, पण शर्टाचं बटण तुटलं. बुरूज वायरमननेच पाहिलेला. म्हणजे सीट त्याची. कॉमेंट्रीचं बघायचं राहिलेलं, म्हणजे किटली त्याची.

आता वायरमन हा माणूस स्विचचे बोर्ड छान बसवतो, पण सांगायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. किल्ला मोठा आहे म्हणाला. बुरूज उंच आहे म्हणाला. वर गवत आहे, समोर नदी दिसते, बरी दिसते.

"बरी म्हणजे?" रंगाऱ्याने विचारलं.

"म्हणजे... नदीसारखी."

डेंटर मान खाली घालून ऐकत होता. हातातला हातोडा गुडघ्यावर हळूहळू आपटत होता. मागच्या बाजूला काय आहे, त्याने विचारलं. पोरगं मागच्या बाजूला सापडलं होतं.

"मागे काही नाही रे. भिंत आहे. पलीकडे झाडी असणार."

कॉमेंट्री कपात चहा ओतत होता. त्याचे ओठ कधीपासून हलत होते. एखाद्या गवयासमोर कुणी बेसूर गावं ना, तसं त्याला होत होतं. शेवटी राहवलं नाही.

"कसली झाडी? काहीतरी काय सांगतोस. मागच्या भिंतीला खिंडार आहे ना. तिथे गुडघे टेकून वाकलं की खाली दोन तलाव. एक हिरवागार, एक काळा कुळकुळीत, आणि मधून बंधारा गेलेला, उन्हात सुरीच्या पात्यासारखा लखलखतो. आणि वारा समोरून येत नाही, खालून वर येतो. शर्टात शिरतो, माणूस फुगतो नुसता. असं सांगायचं असतं. म्हणे नदीसारखी."

रंगारी कौतुकाने हसला. मग त्याचं हसणं अर्ध्यात विझलं.

वायरमन म्हणाला, "खिंडार नाहीये तिथे. बुजवलंय. खालचा पहारेकरी म्हणाला, तो पोरगा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सिमेंट भरलं."

किटलीतून चहा पडत राहिला. कप भरला, बशी भरली, जमिनीवर ओघळ आला.

"फोटोत बघितलं मी," कॉमेंट्री म्हणाला. "कुणाच्यातरी फोनमध्ये."

डेंटर उठला. आवाज चढवला नाही. "फोटोत वारा लागतो का रे?"

कॉमेंट्रीने उकळता चहा किटलीसकट त्याच्या तोंडावर फेकला आणि दाराकडे पळाला. डेंटरची मान भाजली, एक डोळा मिटला, पण त्याने आंधळ्यासारखा हात मारला आणि हातात आलेला शर्ट मागे ओढला. दोघं जॅकवर चढवलेल्या गाडीवर आदळले. गाडी जॅकवरून सटकून धाडकन खाली आली, काचेचा चुरा उडाला. कॉमेंट्रीच्या हाताला स्क्रू-ड्रायव्हर लागला, तो त्याने डेंटरच्या मांडीत मुठीपर्यंत घातला. डेंटर ओरडला नाही. त्याने तो उपसून फेकला आणि कॉमेंट्रीचं डोकं गाडीच्या दरवाज्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. पत्र्याला खळगा पडला. रंगारी मागून मिठी मारायला गेला तर कोपर बसून त्याचा पुढचा दात पडला. तो दात हातात धरून भिंतीला टेकला आणि रडायला लागला. वायरमन फोन कानाला लावून रस्त्यावर पळाला.

डेंटरने कॉमेंट्रीला केसाला धरून फरफटत नेला आणि त्या सीटवर फेकला.

"ज्याने पाहिलं तो इथे बसतो. बस. आता सांग. लढाई सांगतोस ना, तसं सांग. काही गाळलंस तर बघ."

समोर पत्रा ठोकायची ऐरण होती. डेंटरने त्याचा उजवा हात तिच्यावर दाबून धरला आणि हातोडा उचलला.

कॉमेंट्रीने तोंडातलं रक्त थुंकलं. मग तो बोलायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा कसलाही मसाला न लावता बोलला.

गुडघा दुखत नव्हता. वर ते दोघंच होते. शेंडेफळ त्याच्या काही दिवस आधी न्हाव्याच्या दुकानात गेला होता. तिथल्या कॅलेंडरवर त्याला आरशांचा महाल दिसला, पुढच्या पानावर उलटा धबधबा, त्याच्या पुढे समुद्रातलं देऊळ. सगळं ओळीने. मग त्याने टेंपोच्या मालकाला विचारलं. टेंपो शेजारच्या गावातल्या गोदामापलीकडे कधी गेलाच नव्हता.

"मला वर बोलावून म्हणाला, तू कुठेच गेला नाहीस ना रे. मी म्हटलं, दादाला सांगू नकोस, हवं तर पाया पडतो. तो नुसता हसत होता. म्हणाला, खाली गेलो की बैठकीत सांगतो, आता जन्मभर तूच चहा ओत."

"हसत होता?" डेंटरने विचारलं.

"खिंडारात बसून हसत होता. त्याने मला वाकून तलाव दाखवले. म्हणाला, बघ, ही एक जागा तरी खरी बघून सांगशील. मी वाकून बघितले. आणि मग... मला त्याला फक्त गप्प करायचं होतं. छातीवर हात ठेवला. जोर कसा लागला कळलं नाही."

"गालावर बोटं होती त्याच्या. माझी. त्याबद्दल काही म्हणाला?"

"नाही. दादाचा राग संध्याकाळपर्यंत उतरतो म्हणाला."

डेंटरने हातोडा घातला. ऐरणीवर बोटं चिरडल्याचा आवाज लोखंडाच्या आवाजात मिसळला. कॉमेंट्रीच्या किंकाळीने समोरच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. डेंटरने पुन्हा हातोडा उचलला, या वेळी डोक्याच्या दिशेने, आणि त्याचा हात तिथेच अडकला.

मधल्या दारात आई उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. हातात रिकामं ताट होतं.

ती काचांवरून चालत आत आली. चपला नव्हत्या. तिने थोरल्याच्या हातातला हातोडा काढून घेतला, लहान मुलाकडून खेळणं घ्यावं तसा. मग सीटपाशी गेली आणि कॉमेंट्रीची हनुवटी धरून तोंड वर केलं. हातोडा अजून तिच्या हातातच होता. रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले.

"पडताना त्याने हाक मारली का रे कुणाला?"

कॉमेंट्री तिच्याकडे बघत राहिला. हा माणूस न पाहिलेल्या लढाईतल्या मेलेल्या शिपायाच्या तोंडी शेवटचे शब्द घालायचा. आई गं म्हणाला, असं सांगितलं असतं तर कदाचित तो सुटला असता. ते त्याला कळत होतं. ते डोळ्यांत दिसलं.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "हसणं अर्धं राहिलं. बाकी काही नाही."

आईने हनुवटी सोडली. आणि हातोडा उलटा करून, दांड्याच्या बाजूने, त्याच्या तोंडावर असा हाणला की तो सीटसकट बाजूला कलंडला. मग तिने हातोडा खाली टाकला. दुसरा घाव घातला नाही.

बाहेर पोलिसांची गाडी लागली. वायरमनचा आवाज येत होता, आत आहेत, आत आहेत. डेंटर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला. मांडीतून रक्त येत होतं, मानेवर फोड तरारले होते, बोटांची सालं निघाली होती. आईने रंगाऱ्याच्या बाकावरची चिंधी घेतली, थिनरच्या डब्यात बुडवली आणि थोरल्यासमोर बसून त्याची बोटं पुसायला लागली. जोर लावून, गंजलेला पत्रा घासावा तशी. थिनर उघड्या मांसात शिरलं आणि डेंटरने कळवळून हात मागे ओढला.

आईने तो पुन्हा पुढे खेचला.

"हलू नकोस," ती म्हणाली.