केळ्याचा पितृदोष

भाग्यश्रीचं पत्र येऊन बावीस दिवस झाले होते आणि बद्रीनाथ मुळ्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

लिहायला बसले नव्हते असं नाही. चार वेळा बसले आणि चारही वेळा कागद फाडून टाकला. एका जुन्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. मुलं 'सर' म्हणाली की ते मागे वळून पाहत, कोणी खरे सर आले की काय म्हणून. वाचन मात्र खऱ्या सरांना लाजवील असं. फोनवर त्यांची जीभ अडखळे, त्यामुळे जुने विद्यार्थी त्यांना पत्रंच पाठवत. भाग्यश्री त्यांतलीच. यवतमाळहून शिकायला आलेली, इथेच सलिलशी लग्न करून राहिलेली. आता शहराबाहेर, मांजरी गावात 'इक्षुवन' नावाच्या सोसायटीत तिचं घर होतं. ऊस काढून इमारती उभ्या करायच्या आणि त्यांना उसाचंच नाव द्यायचं, ही आपल्याकडे कृतज्ञतेची नवी पद्धत आहे.

तिनं लिहिलं होतं : 'काका, मुक्ताई साडेचार वर्षांची झाली. तिचा इसब तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी सूत्रानंद स्वामी येतात. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत मुक्ताईच्या थुंकीतून पांढरे धागे काढले. म्हणाले, हा डीएनएमध्ये अडकलेला पितृदोष. मग लेप दिला आणि आठ दिवसांत कातडी स्वच्छ झाली. आता डॉक्टरांचं सगळं बंद करा, पाच वर्षांची लसही देऊ नका, असं सांगतात. सलिलचा पूर्ण विश्वास बसलाय. माझा बसतोय, पण पुरता बसत नाही. थोडा लेप बटर पेपरात गुंडाळून पाठवते आहे, स्वामींचं पत्रकही. यात खरं किती, एवढं सांगा. तुम्ही सांगाल ते मी करेन.'

शेवटच्या वाक्यानं बद्रीनाथांची झोप उडवली. आपण कोण सांगणारे? त्यात ते पत्रक. थापाच थापा असत्या तर काम सोपं होतं. पण पत्रकात लिहिलं होतं की डीएनए कधी कधी चार पदरी असतो, आणि ते खरं होतं; बद्रीनाथांनी स्वतः वाचलं होतं. कातडीवर असंख्य जंतू नांदतात, त्यांतले काही आपली राखण करतात आणि तान्ह्या मुलाच्या प्रतिकारशक्तीला सुरुवातीचे धडे देतात, हेही खरं होतं. इसबावर अशा चांगल्या जंतूंचे उपचार शोधण्याचं काम चाललंय, हेही. खोटं सुरू होत होतं ते पुढच्या ओळीपासून : 'म्हणूनच आमचा लेप.' या 'म्हणूनच'ला कात्री कशी लावावी, हे त्या सज्जन माणसाला कळेना. ठग बेधडक बोलतो आणि प्रामाणिक माणूस संदर्भ तपासत बसतो. तेवढ्या वेळात ठगाची पुढची सभा भरते.

एक काम मात्र त्यांनी पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलं होतं. लेपाची पुडी डॉक्टर रुकसाना तांबोळीकडे पोचवली होती. रुकसाना लहान मुलांची डॉक्टर, त्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. शनिवारी सकाळी ती अहवाल घेऊन घरी आली.

"काका, लेपात कडुनिंब आहे. वासापुरता. बाकी क्लोबेटासॉल. कातडीला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यांत जहाल."

"मग इसब गेला तो..."

"गेला नाही, दबला. एवढ्या लहान मुलीला अंगभर, रोज, काही आठवडे जरी लावलं तरी कातडी कागदासारखी होते. औषध रक्तात उतरतं. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं सोडून देतं, वाढ अडते. मग साधा ताप आला तरी जिवावर बेतू शकतं. तुम्ही तिला कळवलंत ना, निदान तपासायला दिलंय एवढं तरी?"

बद्रीनाथांनी चष्मा पुसला.

"पोस्टकार्ड?"

त्यांनी चष्मा पुन्हा पुसला.

"उद्या रविवार आहे," रुकसाना म्हणाली. "गाडी मी काढते."

क्लबहाउस गच्च भरलं होतं. हिंजवडीत आठवडाभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून पगार घेणारी मंडळी रविवारी ते काम कटाक्षानं बंद ठेवून बसली होती. पडद्यावर डीएनएची शिडी गरगर फिरत होती आणि तिच्या टोकाला ओंकार लावलेला होता. सूत्रानंद स्वामी आले. भगवा कुर्ता, त्यावर पांढरा एप्रन. पूर्वाश्रमी ते घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. आता माणसं शुद्ध करत होते. धंदा तोच, गिऱ्हाइकाला आधी मळ दाखवायचा.

"आधुनिक विज्ञान अजून शिशुवर्गात आहे," स्वामी मायेनं म्हणाले. "त्यांना आधी डीएनएचे दोन धागे दिसले. मग म्हणाले, अरे, चारही असतात. आपल्या ऋषींना सात दिसत होते."

"सात कुठे लिहिलंय, स्वामीजी?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं. तिच्या गळ्यात सुटीच्या दिवशीही कंपनीचं ओळखपत्र होतं. त्यावर शेफाली असं नाव होतं.

"श्वासात लिहिलंय, बाळ."

टाळ्या झाल्या. श्वासात लिहिलेलं वाचता येत नाही याची तिलाच लाज वाटावी अशा त्या टाळ्या होत्या.

मग एका सहा वर्षांच्या मुलाला वर घेतलं. त्यानं 'क्षाराचमन' केलं, म्हणजे मिठाच्या पाण्याची चूळ मिनिटभर खळखळवून काचेच्या नळीत टाकली. स्वामींनी त्यात 'रिठ्याचं तीर्थ' घातलं. नळी अलगद हलवली. बर्फाच्या पेटीतून 'हिमालयाचं जल' काढलं आणि नळी तिरकी धरून काचेच्या कडेनं हळूहळू ओतलं. दोन पाण्यांच्या मधोमध एक रेघ दिसली आणि त्या रेघेवरून धुक्यासारखे पांढरे धागे वर येऊ लागले. स्वामींनी ते चांदीच्या तारेवर गुंडाळून उंच धरले.

"सात पिढ्यांचा मळ," ते म्हणाले. मुलाची आई रडू लागली.

बद्रीनाथांच्याही अंगावर काटा आला. हा प्रयोग नोकरीच्या शेवटच्या पंधरा वर्षांत दर जुलैला त्यांनीच टेबलांवर मांडून ठेवला होता. मीठ, भांडी घासायचा साबण, फ्रिजमध्ये गार केलेलं स्पिरिट. "हिमालयाला स्पिरिटचा वास कधीपासून येतो?" ते पुटपुटले.

"आता शुद्धी झालेलं बाळ," स्वामींनी जाहीर केलं आणि भाग्यश्री मुक्ताईला घेऊन वर गेली. पुन्हा चूळ, पुन्हा तीर्थ, पुन्हा जल. या वेळी नळीत काहीच नाही. स्वच्छ. सभागृह उठून उभं राहिलं.

बद्रीनाथांनी दोन गोष्टी पाहिल्या. एक, या वेळी जल दुसऱ्या बाटलीतून आलं आणि नळीत मधली रेघ पडलीच नाही. दुसरी, मुक्ताईचे गाल चंद्रासारखे सुजले होते, आणि कोपराच्या वळणातली कातडी इतकी पातळ झाली होती की आतल्या निळ्या शिरा चौथ्या रांगेतून दिसत होत्या.

"कोणाला शंका असेल त्यानं पुढे यावं," स्वामी म्हणाले. हे ते दर रविवारी म्हणत, कारण कोणी येत नसे.

"काका, जा," रुकसाना हळूच म्हणाली. "मी गेले तर माझं आडनाव विचारतील आणि विषय भलतीकडे नेतील. शिवाय ती नळी तुमच्या हातातली आहे."

बद्रीनाथ उठले. मंचापर्यंतच्या वीस पावलांत त्यांना तीनदा परत फिरावंसं वाटलं. वर पोचल्यावर त्यांनी प्रसादाच्या ताटातलं एक केळं उचललं.

"प्रसाद शेवटी मिळतो, आजोबा," स्वामी म्हणाले. लोक हसले.

"खा... खायला नको. याचा पितृदोष काढायचाय."

"केळ्याला पूर्वज नसतात."

"करू द्या की, स्वामीजी," शेफाली म्हणाली. "टेस्ट केस चांगली आहे."

दोनशे माणसांना आता गंमत पाहायची होती. नाही म्हणणं स्वामींनाही जमेना. बद्रीनाथांची जीभ अडखळत होती, पण हात अडखळत नव्हते. द्रोणात केळं कुस्करलं, मिठाचं पाणी आणि रिठ्याचं तीर्थ घालून ढवळलं, रुमालातून नळीत गाळलं. हिमालयाची पहिली बाटली घेतली आणि कडेनं ओतली. पांढरा कापूस वर आला. मुलाच्या थुंकीतून आला त्याच्या दसपट.

"जळगावचं घराणं दिसतंय," मागून कोणीतरी म्हणालं.

"हा दोष नाही," बद्रीनाथ म्हणाले. "हा डीएनएच आहे. केळ्याचा, माझा, तुमचा. साबणानं पेशी फुटतात, गार स्पिरिटमध्ये धागे एकत्र गोळा होतात. कोणाच्याही थुंकीतून निघतात. महाराजांच्याही निघतील. आपण चूळ भरता का?"

"सिद्धाचं देहजल प्रदर्शनासाठी नसतं."

"मग ही दुसरी बाटली." त्यांनी ती शेफालीपुढे धरली. "वास घ्या."

"कसलाच नाही. साधं पाणी आहे."

"म्हणून त्या मुलीच्या नळीत काही दिसलं नाही. स्पिरिट ओता, पितृदोष. पाणी ओता, शुद्धी."

रुकसानानं उभं राहून अहवाल वाचून दाखवला. स्वामींनी सभागृहात नकारात्मक तरंग शिरल्याचं सांगितलं. त्यांच्या सेवकांनी बर्फाची पेटी उचलली आणि सात पिढ्यांचा मळ जागीच ठेवून सगळे मागच्या दारानं गेले. लोक हसत होते. स्वामींना नव्हे, एकमेकांना. प्रत्येकाचं म्हणणं, आपल्याला पहिल्यापासूनच संशय होता.

भाग्यश्री हसत नव्हती. तिनं मुक्ताईला कडेवर घेतलं.

"काका, मी तीन आठवड्यांहून आधी विचारलं होतं. पत्रातून, एकटीनं. तुम्ही काही कळवलं नाहीत. सलिल म्हणाला, चूक असतं तर काकांनी लगेच सांगितलं असतं. मग मी रोज दोन वेळा लावला तो लेप. आणि सांगायला आलात ते आज, दोनशे माणसांपुढे, माझी मुलगी इथे उभी असताना."

त्यांनी तोंड उघडेपर्यंत ती दाराबाहेर होती. रुकसाना तिच्यामागे धावली, पण लिफ्ट बंद झाली. दार वाजवलं तर आतून सलिल म्हणाला, "आज नको, प्लीज." फोन उचलला गेला नाही.

"टाळ्यांचं काय," परतीच्या वाटेवर रुकसाना म्हणाली, "हे लोक महिन्याभरात दुसऱ्या कोणाला वाजवतील. खरा प्रश्न तिनं एकटीनं विचारला होता. आणि ती रागाच्या भरात उद्या तो लेप एकदम बंद करील, किंवा हट्टानं चालू ठेवील. दोन्ही वाईट. फोन ती कापेल, काका. पत्र कापता येत नाही."

सोमवारी सकाळी बद्रीनाथ पाचव्यांदा लिहायला बसले आणि एका बैठकीत उठले.

'चि. भाग्यश्रीस,

तू योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारलास. चुकलो मी. मला शंभर टक्के ठाऊक नव्हतं म्हणून मी गप्प बसलो. पण लस चुकवू नकोस आणि लेप तपासून होईपर्यंत थांब, एवढं सांगण्यापुरतं मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. सगळ्यांपुढे तुला उघडं पाडलं त्याबद्दल क्षमा माग असं मला कोणी सांगितलेलं नाही. मी मागतो आहे.

लेप आपल्या मनानं एकदम बंद करू नकोस आणि पुढे चालूही ठेवू नकोस. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी मुक्ताईला घेऊन रुकसानाकडे जा. वेळ मागायची गरज नाही, ती वाट पाहते आहे. लेप पायरीपायरीनं कसा सोडायचा ते ती ठरवील. इसब पुन्हा उठेल. तेव्हा स्वामीचं खरं होतं असं वाटेल. ते खरं नव्हतं. इसब आटोक्यात ठेवता येतो, त्याला वेळ लागतो, आणि वेळ लागतो असं सांगणारा माणूस बहुधा प्रामाणिक असतो. लसही वेळेवर दे, कधी द्यायची ते तिला विचारून. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. अन्न आणि औषध खात्याकडे रुकसाना तक्रार करते आहे.

उरलं धाग्यांचं. त्याबाबतीत माझंही ऐकू नकोस. एक केळं, चिमूटभर मीठ, भांड्यांचा साबण आणि गार केलेलं स्पिरिट घे आणि सलिलसमोर स्वतः करून पाहा. जो चमत्कार तुला तुझ्या स्वयंपाकघरात करू देत नाही, तो चमत्कार नव्हे. कोणी चार खऱ्या गोष्टी सांगून पाचवी गळ्यात मारू लागला, तर त्या पाचवीपाशी थांब आणि विचार, हे तुम्हाला कसं कळलं? त्याला राग आला, की तुझं उत्तर तुला मिळालं.

तुझा, बद्रीनाथ मुळे'

मंडईजवळच्या पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"साधं की स्पीड?"

"स्पीड. उद्या पोचेल ना?"

"मांजरी काही लंडनला नाही," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.