टँकरच्या रांगेतली तांब्याची घागर

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची घागर आहे आणि लाडाने बोलण्याची मला सवय नाही. हातातला खेळ खाली ठेवा, मगच मी बोलेन.

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षी गौरम्माच्या लग्नात मी निलंग्याहून या घरी आले. वीस वर्षे तिच्या कमरेवर मिरवले. चिंचेने घासल्यावर माझ्यात तोंड दिसे. शेजारणी कौतुक करीत आणि मी ते हक्काने घेई. पुढे घरात नळ आला व मला माळ्यावर टाकण्यात आले. दुष्काळात तो नळ कोरडा पडला, तेव्हा सर्वांना माझी आठवण झाली.

टँकर दहा दिवसांनी येई. गल्लीत माणसांऐवजी भांड्यांची रांग लागे. हाक येताच आपले भांडे पुढे सरकवायचे. न सरकवल्यास नंबर गेला. गौरम्मा गळ्यातल्या इष्टलिंगाची पाण्याने पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवत नसे आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. म्हणून तिने नात शिवगंगाला माझ्यापाशी बसवले.

शिवगंगा माझ्याकडे पाठ करून मोबाईलवर गाड्या पळवीत होती. शेजारच्या उमाबाईंनी दोनदा हाक मारली.

"थांबा ओ काकू, शेवटचा राऊंड हाय," ती मान वर न करता म्हणाली.

उमाबाईंची मुलगी सिंधु मला सरकवायला वाकली. तिचा धक्का लागून शिवगंगाची गाडी आपटली. एवढ्याशा कारणासाठी तिने जिवाच्या मैत्रिणीला ढकलले. सिंधुचा गुडघा फुटला. मग शिवगंगाने मला लाथ मारली. माझ्या पोटाला पोचा पडला आणि आमचा नंबर गेला. टँकरही रिकामा झाला.

घरी तिने टँकर आलाच नाही असे सांगितले. गौरम्माने पोच्यावरून बोट फिरवले.

"मग हिला कुणी तुडवलं?"

 उत्तराची वाट न पाहता गौरम्माने शिवगंगापुढे कालच्या भाकरीचे ताट वाढले आणि ती म्हणाली, "तू जेव. मी बसते उपाशी."

तो घास तिच्याने गिळवेना. ती तांब्या घेऊन उमाबाईंच्या दारी गेली. सिंधुच्या गुडघ्यावर हळद होती. 

"माझं चुकलं," शिवगंगा म्हणाली.

"लई आग व्हायलीय," सिंधु म्हणाली आणि तिने अर्धा तांब्या भरून दिला.

गौरम्माची पूजा दिवेलागणीला झाली. दोघींचा घास त्यानंतर.

मित्रांनो, खेळातल्या हरण्याचा राग ज्यांच्यावर काढता, तहानेच्या दिवशी त्यांच्याच दारी उभे राहावे लागते. म्हणून हाक आली की मान वर करा. मी हे दुसऱ्यांदा सांगणार नाही.