दहा नंबरचा पत्रा

धाकट्याला सगळे मास्तर म्हणायचे. जन्मात कधी त्याने खडू धरला नव्हता, पण तो शिंपी होता, आणि शिंप्याला मास्तर म्हणायचं हे कोणी ठरवलं कोण जाणे. थोरल्याला म्हणायचे भंगारशेठ, आणि त्याला मात्र चांगलं कारण होतं. ओतकामाच्या कारखान्यातून घरी येताना त्याच्या खिशात रोज काहीतरी खुळखुळायचं. तांब्याची कापटी, जस्ताचा ठोकळा, कधी कथलाचा थेंब. ते तो घासायचा, कानशीने कडा मारायचा आणि पेटीत ठेवायचा. लग्न त्याने केलं नाही. मास्तरची बायको, म्हणजे त्याची भावजय, हसून म्हणायची, "भाऊजींना सोयरीक आली होती, पण मुलगी पितळेची नव्हती."

पेटी दोघा भावांत एकच. तळाला थोरल्याचे धातू, वरच्या कप्प्यात धाकट्याची कार्डं. लहानपणी च्युइंगमच्या पुडीत फुटबॉलच्या खेळाडूंची कार्डं मिळायची. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची सगळी कुंडली. मास्तरने ती जमवायला घेतली आणि पुढे डोक्यावर टक्कल पडलं तरी सोडली नाहीत. कार्डाची पाठ थोरल्याने हाताने झाकायची आणि मास्तरने घडाघडा म्हणायची. मग उलट डाव. मास्तरने डोळे मिटायचे, थोरल्याने हातात तुकडा द्यायचा. मास्तर तो मनगटाने तोलायचा, खाटेच्या लोखंडी दांड्यावर टणकन वाजवायचा आणि सांगायचा: तांबं, पितळ, जस्त. क्वचित चुकायचा. दोन मोठे बाप्ये असे खेळत बसलेले पाहून शेजारपाजारचे हसायचे, पण त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग कारखान्यात वितळलेल्या धातूची डोली, ती टांगलेली मोठी बादली, कलंडली. थोरल्याचा जोडीदार खाली उभा होता. वर्षानुवर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं होतं. त्या दिवशी काय झालं ते थोरल्याने घरी कधीच सांगितलं नाही. आला, मोरीत जाऊन बसला, आणि पाणी संपलं तरी बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी त्याने घरभर पसरलेले धातूचे तुकडे, कानशी, नंबरांचे ठसे, हातोडी, सगळं गोळा करून पेटीत कोंबलं. तांब्याचा वास आला तरी त्याला मळमळायचं. नोकरी सोडली आणि एका गोदामावर राखणदार म्हणून लागला. तिथे पोती होती, पुठ्ठे होते, लोखंड औषधाला नव्हतं.

त्याच सुमाराला मास्तरचे डोळे गेले. साखरेचा आजार जुना होता, आणि पथ्य म्हणजे दुसऱ्याला सांगायची गोष्ट असं त्याचं मत. आधी निळा आणि काळा दोरा त्याला सारखाच दिसू लागला. मग सुईचं नेढं दिसेना. मग माणसं. शिलाईचं मशीन विकलं त्या दिवशी त्याने स्वतःच हात लांब करून कार्डांचे गठ्ठे भावाकडे दिले. "ठेव पेटीत. मला आता काय करायचीत." थोरल्याने पेटी उघडली, इकडेतिकडे न बघता वरच्या कप्प्यात गठ्ठे ठेवले आणि झाकण लावलं.

त्यानंतर मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. पायांची जाणीव तर आधीच गेली होती. खिळा घुसलेला कळला नाही, जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, रोज इन्सुलिनची सुई घ्या, वेळेवर जेवा, नाहीतर पाय जाईल आणि मग त्याच्या मागून सगळंच जाईल. मास्तर सुई घेईना. ताट समोर आलं की म्हणायचा, भूक नाही. भावजय रागावली, रडली, अबोला धरून पाहिला. थोरला खाटेशी बसून नुसता खाकरायचा. भाऊ डोळ्यांदेखत चालला होता.

एका दुपारी मास्तर भिंतीकडूनच बोलला. "दादा, पेटी काढ."

"कशाला?"

"कार्डं काढ. तू वाच. मी पुढचं सांगतो."

थोरल्याला इतका आनंद झाला की खाटेखालून पेटी ओढताना त्याचा गुडघा दांड्यावर आपटला ते त्याला कळलं नाही. झाकण उघडलं आणि नाकात झिणझिण्या आल्या. तेजाब. धातू पारखायला तो तेजाबाची, म्हणजे कडक आम्लाची, बाटली ठेवायचा. एक थेंब टाकला की पितळेवर हिरवा फेस येतो, खऱ्या सोन्यावर काही होत नाही. ही बाटली बंद पेटीत ठेवायची नाही, आडवी तर कधीच नाही, हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण त्या दिवशी त्याने हातात येईल ते कोंबलं होतं. बाटली पेटीत आडवी पडली होती आणि बुचाचा भुगा झाला होता. तळाचं तांबं हिरवं झालं होतं. आणि वरची कार्डं, मास्तरचं आयुष्य म्हणायचं ते, एकमेकांना चिकटून पिवळी लादी झाली होती. एक कोपरा त्याने उचलला तर तो बोटांत चुरला.

"काय रे, मिळाली ना?"

"मिळाली," थोरला म्हणाला. "लाल संघ. हा डावखुरा."

"नंबर सांग."

थोरल्याने अंदाजाने ठोकून दिलं. "सात."

"सात? अकरा आहे दादा. नीट बघ, चष्मा लाव." मास्तर कुशीवर वळला. कितीतरी दिवसांनी त्याचं तोंड खोलीकडे झालं होतं. त्याने अकरा नंबरची सगळी कुंडली म्हटली. कुठे जन्मला, किती गोल मारले, कोणत्या सामन्यात नडगी मोडली. थोरला हूं हूं करत राहिला आणि मांडीवरचा पिवळा चुरा बोटाने गोळा करत राहिला. असे पाच-सहा खेळाडू झाले. मग मास्तरने हात पुढे केला. "एक दे बरं हातात. नुसतं धरतो."

थोरल्याने चटकन पेटी लावली. "नको. जुनी झालीत, कोपरे मोडतील. तुझ्यासाठी हाताने वाचायची कार्डं करतो. पत्र्याची."

मास्तरचा हात तसाच पुढे होता. "आणि ही?"

"ही आहेत की पेटीत."

"बरं, असू दे," मास्तर म्हणाला आणि हात मागे घेतला.

तोंडातून निघून गेलं होतं; आता करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी थोरला भंगारवाल्याकडे गेला. कित्येक वर्षांनी गेला. आधी दारातच उभा राहिला, कारण पुन्हा तो वास आला. मग ढिगातून तांब्याच्या पत्र्याची एक कड दिसली, वर तपकिरी साय धरलेली, आणि त्याचा हात आपोआप पुढे गेला. त्याने तो पत्रा नखाने खरवडला. आतला लाल रंग दिसला आणि मनात आलं, चांगलं आहे, अस्सल आहे. जोडीदार मेल्यापासून कुठल्याच वस्तूबद्दल त्याला असं वाटलं नव्हतं. त्याला जरा शरम वाटली. पण घरी येताना त्याने तांब्याबरोबर पितळही घेतलं, आणि ॲल्युमिनियमही.

लाल संघाला तांबं, पिवळ्याला पितळ, पांढऱ्याला ॲल्युमिनियम. पत्रा कार्डाएवढा कापायचा, जरा जाड, कडा कानशीने मऊ करायच्या. मग मागच्या पडवीत ऐरणीवर ठेवून ठसा धरायचा आणि हातोडीचा एकच नेमका घाव घालायचा. ठसे फक्त आकड्यांचे होते, अक्षरांचे नव्हते. पण मास्तरला नंबर पुरेसा होता; बाकी सगळं त्याच्या डोक्यात होतं. पहिला पत्रा हातात आला तसा त्याने तो तोलला, खाटेच्या दांड्यावर टणकन वाजवला आणि म्हणाला, "तांबं. म्हणजे आपला लाल." मग बोट फिरवत राहिला. "अकरा. डावखुरा."

"बरोबर," थोरला म्हणाला, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेला.

मग सौदा ठरला. सुई घेतली की पत्रा, ताट रिकामं केलं की पत्रा. मास्तर कुरकुरत घास गिळायचा. "दादा, तू मला लहान पोरासारखा नादी लावतोस." पण गिळायचा. भावजय पडवीतला कीस झाडून झाडून वैतागली. "एकाचं वेड गेलं म्हणून देवाचे आभार मानले होते, आता दोघांना एकदम लागलं," असं ती म्हणायची, आणि सकाळी सुई भरताना गुणगुणायची. थोरला गोदामावर बसूनसुद्धा मनात पत्रे कापायचा. पेटीतले जुने तुकडे त्याने एकेक काढले, हिरवं घासलं, उन्हात मांडले. कार्डांची लादी मात्र पेटीच्या तळाशी ठेवली, फडक्यात गुंडाळून.

मधूनमधून मास्तर चुकायचा. सहाला नऊ म्हणायचा. तिथे काही विशेष नव्हतं, पत्रा उलटा धरला की तसं होणारच. एकदा चारला पाच म्हणाला. एकदा दोनला आठ. थोरल्याने स्वतःच्या हाताला दोष दिला. म्हातारा झालो, घाव नीट बसत नाही. तो हातोडी वजनदार घेऊ लागला, ठसा खोल खोल मारू लागला. पत्रा मागून फुगायचा, तेव्हा त्याने आणखी जाड पत्रा आणला. एका सकाळी त्याला मास्तरच्या उजव्या हाताच्या बोटांवर पाण्याने टरारलेले फोड दिसले.

"हे कशाने?"

"कुठे?" मास्तरने विचारलं. मग हात पांघरुणात घेतला. "चहाचा पेला असेल. तुझी भावजय उकळता देते."

थोरल्याने भावजयीला सांगितलं, पेला कपड्यात धरून देत जा. त्याहून पुढे त्याने विचार केला नाही, किंवा करायचा नाही असं ठरवलं.

त्या दिवशी तो भंगारवाल्याकडून परत आला तेव्हा जेवणवेळ होऊन गेली होती. पिशवीत पितळेचा एक सुरेख तुकडा होता आणि तो कधी एकदा दाखवतो असं त्याला झालं होतं. दारातूनच त्याला मास्तरचा आवाज ऐकू आला. ताट पुसून स्वच्छ केलेलं खाली होतं, शेजारी सुईची रिकामी नळी. मास्तर उशीला टेकून बसला होता आणि त्याच्या हातात तांब्याचा पत्रा होता. थोरला घरी नाही आणि नवरा हट्ट करतोय, म्हणून भावजयीने पडवीत होता तो उचलून दिला असणार.

थोरल्याने तो पत्रा ओळखला. सकाळी कापून, घासून ठेवलेला. ठसा मारायचा राहिला होता.

"दहा," मास्तर सांगत होता. त्याचं बोट त्या सपाट तांब्यावर सावकाश फिरत होतं, वरून खाली, मग गोल. "हा एक, आणि हे शून्य. दादाचा हात किती साफ आहे बघ. हा दहा नंबर म्हणजे आमच्या लाल संघाचा कप्तान. घरी खायची भ्रांत, बूट मागून आणलेले, आणि पहिल्याच सामन्यात..."

भावजय पायथ्याशी बसली होती. तिने पत्र्याकडे पाहिलं, मग दारातल्या थोरल्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. थोरल्याने मान हलवली. नाही, बोलू नकोस. त्याला एकदम सगळं उमगलं. दांड्यावर वाजवून धातू कळायचा, धातूवरून संघ, आणि पुढे बोटांना पुसट लागेल त्यावरून अंदाज. इतके दिवस मास्तर त्याच्यासाठी जेवत होता. भाऊ हातोडी घेऊन पुन्हा बसला आहे, पुन्हा भंगारात हात घालतो आहे, ते मोडायला नको म्हणून रोज सुई घेत होता. पायांमागून हातांचीही जाणीव गेली होती आणि त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

"आलास का दादा?" मास्तरने मान वळवली. "दहा नंबर झाला बघ आज."

"हो," थोरला म्हणाला. "आण इकडे. कड टोचेल, जरा घासतो."

पत्रा घेऊन तो पडवीत गेला. ऐरणीवर ठेवला. मग एकाचा ठसा धरला आणि घाव घातला. शेजारी शून्याचा. दहा नीट उठला, सरळ, खोल. इतका साफ त्याला आजवर जमला नव्हता. त्याने कडेवर दोनदा कानस फिरवली, कारण तसं सांगून आला होता आणि आत ऐकू जायला हवं होतं.

त्याने पत्रा मास्तरच्या हातात दिला. मास्तरने फोड आलेली बोटं त्यावर ठेवली, फिरवली, आणि मान डोलावली.

"आता कसं," तो म्हणाला, "मघापेक्षा छान लागतंय."

थोरल्याने पिशवीतून पितळेचा तुकडा काढला. "उद्यासाठी पिवळ्यांचा कोण करू?"

"तूच ठरव," मास्तर म्हणाला. "मी ओळखीन."